वरची हवा आणणारी नसीम

नसीमचा भाऊ राशिद याचा फोन आला तेव्हा मी ऊर्जानगरच्या बाजारात वांगी निवडत होते. फोन कानाला लावला तर आधी नुसता श्वास ऐकू आला. मग तो म्हणाला, "ताई... आपा गेली." माझ्या तोंडून निघून गेलं, "कुठी?" विचारून झाल्यावर मला कळलं, मी काय विचारलं ते. पण आयुष्यभर 'नसीम गेली' याचा अर्थ ती हैदराबादेला गेली, परदेशात कुठल्याशा परिषदेला गेली, नाहीतर आभाळातून पडलेलं आपलं सामान शोधायला जंगलात गेली, असाच असायचा. ती जायची आणि परत यायची. भाजीवाल्या बाईनं माझ्या हातातली पिशवी काढून घेतली, मला आपल्या स्टुलावर बसवलं आणि विचारलं, "काय झालं बाई?" मी म्हटलं, "माझी मैत्रीण वारली." हे वाक्य तोंडातून बाहेर पडेपर्यंत ते खरं झालेलं नव्हतं.

दोन दिवसांनी पेपरात छोटीशी बातमी आली. वातावरणाचा अभ्यास करणाऱ्या, विज्ञानाच्या कामासाठी मोठे फुगे आभाळात सोडणाऱ्या पहिल्या पिढीतल्या शास्त्रज्ञ डॉ. नसीम यांचं निधन, असं त्यात होतं. हैदराबादचं नाव होतं, चंद्रपूरचं नव्हतं. ते वाचून जीव कळवळला. परवा तिचा चाळिसावा दिवस झाला. आता लिहायला बसले आहे.

चंद्रपूरच्या मुलींच्या शाळेत पाचवीपासून आम्ही एका बाकावर. तिचे अब्बा उस्मान मास्टर जटपुरा गेटच्या आतल्या बाजूला ताडपत्र्या शिवायचे. कोळशाच्या ट्रकांवर टाकतात त्या, धान्याच्या गंजीवर झाकतात त्या. आई लहानपणीच वारलेली, त्यामुळं शाळा सुटली की नसीम आणि तिचा धाकटा भाऊ राशिद दुकानातच असायचे. ताडपत्री एवढी लांब की मशीन दुकानात आणि शिवून झालेला भाग बाहेर रस्त्यावर. मास्टर मशीनवर बसायचे आणि नसीम समोरून कापड धरून ते सरळ ओढत राहायची. दुकानाला मेणाचा, तेलाचा आणि जाड कापडाचा असा एक वास होता, तो तिच्या वह्यांनाही यायचा. गणितात ती आमच्या सगळ्यांच्या पुढं होती, पण तिला त्याचं काही विशेष वाटायचं नाही. "सुनंदे, शिवण सरळ गेली की गणित सुटते," असं काहीतरी म्हणायची. मला तेव्हाही ते कळलं नव्हतं.

बी.एस्सी. चंद्रपुरात झालं आणि एम.एस्सी.ला ती नागपूरला गेली, तेव्हा मोहल्ल्यात बरीच कुजबुज झाली. मास्टरांनी कोणाला उत्तर दिलं नाही. त्याच सुमारास राशिदनं शाळा सोडली आणि तो मशीनवर बसला. तिला शिकवायचं आणि दुकानही चालवायचं, तर एका पोरानं बसायलाच हवं होतं. ते कोणी बोलून दाखवलं नाही, पण नसीमला ते कायम माहीत होतं, आणि राशिदलाही.

हैदराबादच्या एका संशोधन केंद्रात फुगे तयार करण्याच्या विभागात जागा निघाली, तेव्हा मुलाखतीला ती अब्बांबरोबरच गेली. तिथल्या मोठ्या साहेबांनी म्हणे विचारलं, प्रयोगशाळेबाहेर हातानं काय काम येतं? हिनं सांगितलं, कितीही लांब कापड चुणी न पडता जोडून देईन. साहेब हसले. पण काम खरोखरच ते होतं. दुधाच्या पिशवीहूनही पातळ प्लास्टिक, रेल्वेच्या फलाटासारखं लांब टेबल, आणि त्यावर फुग्याच्या पाकळ्या एकीला एक उष्णतेनं चिकटवत जायचं. सांध्यात सुईएवढं छिद्र राहिलं तरी सगळा फुगा वाया. हा फुगा हायड्रोजननं भरून सोडला की विमानं उडतात त्याच्या कितीतरी वर जातो, खाली लटकवलेली उपकरणं तिथलं काम करतात, आणि मग खालून रेडिओचा इशारा दिला की उपकरणांचा सांगाडा सुटून पॅराशूटवर जमिनीवर उतरतो. कुठं उतरेल ते वारा ठरवतो. मास्टरांना हे सगळं ती सुट्टीत येऊन सांगायची तेव्हा ते एकच गोष्ट पुन्हापुन्हा विचारायचे, "बगैर धागे के?"

सुरुवातीला तिला फुगा सोडायच्या मैदानावर येऊ देत नसत. गॅसचं काम, पहाटेची वेळ, बाईमाणसाचं तिथं काय... तिनं फुगा बनवावा आणि शेडमध्ये बसावं. एका पहाटे फुगा भरताना कुठूनतरी सूं असा बारीक आवाज येत होता आणि कोणाला जागा सापडत नव्हती. ती शेडमधून धावत गेली, गाल फुग्याच्या कडेला लावून सांध्यासांध्यानं सरकत गेली आणि एका जागी तळहात दाबून उभी राहिली. पट्टी लावेपर्यंत हात काढला नाही. तो फुगा नीट वर गेला, आणि पुढं तिला मैदानावरून परत जा असं कोणी म्हटलं नाही. नंतरच्या वर्षांत तिनं स्वतःचं उपकरण उभं केलं. पोलादाच्या जाड बाटल्या, ज्या अतिउंचावर आपोआप उघडतात, तिथली विरळ हवा आत घेतात आणि घट्ट मिटतात. ती हवा खाली आणून त्यात काय काय मिसळलं आहे ते शोधायचं. माणसानं जमिनीवर सोडलेला कुठला वायू कुठवर पोचला, ओझोनला तो काय करतो, हे आपल्या देशावरच्या हवेतून शोधणाऱ्या पहिल्या मोजक्या माणसांत ती होती. मोहल्ल्यातल्या बायका म्हणायच्या, मास्टरच्या पोरीला वरची हवा लागली. नसीमला ते फार आवडायचं. "खरं तर बोलून राह्यल्या," म्हणायची, "मले तीच तर लागली."

माझं लग्न होऊन मी ऊर्जानगरला आले, नवरा वीज केंद्रात, मी वसाहतीतल्या शाळेत भूगोल शिकवायला. नव्वदच्या दशकात एका हिवाळ्यात ती आमच्या क्वार्टरवर येऊन राहिली. थंडीत चंद्रपुरावर धूर का बसून राहतो, हे तिला पाहायचं होतं. दोराला बांधलेला एक मध्यम पांढरा फुगा शाळेच्या मैदानावरून सकाळी सकाळी वर सोडायचा, त्याला थर्मामीटर आणि आणखी काही उपकरणं, आणि दोर थोडा थोडा सैल करत जायचं. शाळा भरायची नाही त्या वेळी, तरी अख्खी वसाहत जमायची. तिनं आम्हाला दाखवलं की हिवाळ्याच्या रात्री जमीन थंड पडते, वर मात्र गरम हवेचा थर राहतो, आणि तो झाकणासारखा बसतो. सिगड्यांचा, चुलींचा, गाड्यांचा, कारखान्यांचा, सगळ्यांचा धूर त्या झाकणाखाली आडवा पसरतो. ऊन चढलं, जमीन तापली की झाकण उठतं आणि धूर वर निघून जातो. एवढी वर्षं मी पोरांना हे पुस्तकातून शिकवत होते, पण डोळ्यांनी प्रथम तेव्हा पाहिलं.

एका सकाळी मास्टर सायकलरिक्षातून आले. दम्यानं तेव्हाच त्यांना बरंच जेरीला आणलं होतं. नसीमनं त्यांच्या हातात दोर दिला. तिचा मदतनीस मागं धरून होता, पण मास्टरांना ते कळू दिलं नाही. फुगा वर ओढ घेत होता आणि म्हातारा हसत होता, खोकत होता आणि हसत होता. "बिटिया, ये तो जिंदा है. खींच रा मेरे को." रिक्षात बसताना मला म्हणाले, "इतने साल मैं सोचता था, ये लडकी वहाँ अकेली क्या करती होगी..."

त्यानंतरच्या दुसऱ्या का तिसऱ्या हिवाळ्यातली गोष्ट. तिच्या बाटल्यांचं आजवरचं सगळ्यात मोठं उड्डाण होतं. कित्येक वर्षांची तयारी, आणि ते फसलं असतं तर तो कार्यक्रमच बंद होणार अशी परिस्थिती. फुगा हैदराबादेहून सुटला आणि वरच्या वाऱ्यांनी अंदाज चुकवला. तो ईशान्येला निघाला. सिरोंच्याच्या आसपास कुठंतरी सांगाडा उतरवावा लागला आणि खाली आल्यावर त्याचे इशारे बंद पडले. हैदराबादहून दोन जीपा थेट सिरोंच्याला निघाल्या. वाऱ्याचा मोका साधायला उड्डाण अचानक अलीकडं ओढलं होतं आणि नसीम तेव्हा नागपुरात व्याख्यानाला होती, ती तिथूनच चंद्रपूरला आली. मास्टरांची तब्येत खालावल्याचं तिला तेव्हाच कळलं. ते पलंगावर उशांना टेकून बसले होते, श्वास घेताना गळ्याजवळ खड्डा पडत होता. ती म्हणाली, मी जात नाई, माझी माणसं शोधतील. मास्टरांनी मान हलवली. "जा. आसमान से गिरी चीज को लोग डर के मारे तोड डालते." राशिद दारात उभा होता. ती मला म्हणाली, "सुनंदे, तू चालते का? तुले तेलुगू येते." माझी आई सिरोंच्याची, म्हणून मला ती येत होती. आम्ही भाड्याची जीप केली आणि गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली करत निघालो. त्या काळी त्या रस्त्यावर अनोळखी गाडी दिसली की जंगलातून नक्षल्यांची एक चौकशी व्हायची आणि चौकीवर पोलिसांची दुसरी. नसीम सगळीकडे एकच उत्तर द्यायची, "माझं सामान पडलं आहे, ते पाहायला चालली." तिच्या चेहऱ्याकडे पाहून लोक जाऊ द्यायचे.

सिरोंच्याच्या पुढं गोदावरीकाठच्या एका मासेमारांच्या गावात पांढरी छत्री उतरल्याचं दुसऱ्या दिवशी कळलं. आम्ही पोचलो तेव्हा सांगाडा वाळूवर आडवा पडलेला होता आणि गाव त्याच्यापासून लांब उभं होतं. जवळ फक्त एक माणूस बसला होता, मल्लय्या, विस्तवाशी अंग शेकत, उजवा हात फडक्यात गुंडाळलेला. मी तेलुगूत बोलले तसा तो उठला आणि पहिलाच प्रश्न त्यानं विचारला, "तो माणूस कोण होता अम्मा? लेकरंबाळं होती का त्याले?"

मला काहीच कळेना. मग त्याची बायको राजक्का हिनं सगळं सांगितलं. नवराबायको डोहावर जाळं टाकत होते. आभाळातून छत्री उतरली आणि तिच्याखाली काहीतरी लोंबत होतं. मल्लय्याला वाटलं, माणूस आहे. त्यानं डोंगा तिकडं वळवला, तोवर ते पाण्यात गेलं. त्यानं उडी मारली. खाली लोखंड हाताला लागलं, पण छत्रीच्या दोऱ्या त्याच्या हाताला आणि पायाला गुंडाळल्या गेल्या आणि तो वर येईना. राजक्कानं मासे कापायच्या कोयत्यानं दोऱ्या तोडून त्याला ओढून काढलं. श्वास आला तसा हा पुन्हा पाण्यात. लोखंड सापडलं पण माणूस नाही सापडला म्हणून. अंधार पडेपर्यंत तो बुड्या मारत होता आणि सकाळी गावातल्या पोरांना घेऊन लोखंड वाळूवर ओढून काढल्यावरही पुन्हा मारत होता. "मनिषि, अम्मा... मनिषि अनुकुन्नानु," तो मला सांगत राहिला. माणूस वाटला मला, माणूस वाटला...

मी त्याला सांगितलं, त्यात कोणी नव्हतं. त्याला पटेना. मग हाकत कोण होतं? मी नसीमकडे बोट दाखवलं, म्हटलं, हिची माणसं, हैदराबादेतून. त्यानं तिच्याकडे पाहिलं, पुन्हा मला विचारलं, "कोणीच नाई?" "कोणीच नाई." तो वाळूवर बसला आणि रडायला लागला. राजक्का म्हणाली, कालपासून जेवला नाही, आपल्या डोळ्यांदेखत माणूस मेला म्हणून.

तोवर हैदराबादच्या जीपा पोचल्या होत्या, आणि तिकडं केंद्रातल्या पोरांनी सांगाडा उघडला. बाटल्या शाबूत होत्या, मिटलेल्या होत्या, पाण्याचा थेंब आत गेला नव्हता. ती पोरं ओरडली, एकमेकांच्या गळ्यात पडली, नसीमला हाका मारायला लागली. ती गेली नाही. ती मल्लय्याच्या हातावरचं फडकं सोडवत होती. दोरीनं बोटं हाडापर्यंत कापली होती आणि दोन बोटं काळीनिळी पडली होती. तिनं ते पाहिलं आणि पुन्हा फडकं बांधलं, फार हळू. मग मला म्हणाली, "याले सांग, आमच्यासोबत चंद्रपूरले चल म्हणा. आताच." तो नको म्हणत होता. राजक्कानं त्याला दटावून जीपमध्ये बसवलं आणि स्वतःही बसली.

ती रात्र सिरोंच्याच्या दवाखान्यात मलमपट्टीत गेली. तिथला फोन बंद होता. सकाळी निघालो. गोंडपिपरीला चहाला थांबलो तेव्हा मी समोरच्या बूथमधून घरी फोन लावला. नवऱ्यानं सांगितलं, मास्टर पहाटे गेले. जोहरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजनंतर माती द्यायची आहे, जास्त वेळ थांबवता येत नाही म्हणतात... घड्याळ पाहिलं तर जोहर होऊन गेली होती. मी बूथमधून बाहेर आले. नसीम जीपमध्ये मल्लय्याचा हात आपल्या खांद्याच्या उंचीवर धरून बसली होती, रक्त खाली उतरू नये म्हणून. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"अब्बा?"

मी मान हलवली. तिनं डोळे मिटले, पण हात खाली केला नाही. थोड्या वेळानं चालकानं चाचरत विचारलं, "मॅडम, पहले घर लूँ?" ती म्हणाली, "आधी दवाखाना. अब्बांना आता घाई नाई."

मल्लय्याला दाखल करून आम्ही घरी पोचलो तेव्हा माणसं कबरस्तानातून परतली होती. राशिद दारातच होता, पायांना माती तशीच. त्यानं बहिणीला आत ये म्हटलं नाही. विचारलं, "मिला सामान?" ती म्हणाली, "मिला." तो आत निघून गेला. त्यानंतर कित्येक वर्षं भाऊबहीण एकमेकांशी बोलले नाहीत. ईदेला ती यायची, शबानाच्या, म्हणजे राशिदच्या बायकोच्या हातचा शीरखुर्मा खायची, पोरांना कपडे द्यायची आणि मुक्कामाला माझ्याकडे यायची. राशिदनं नातेवाईकांमध्ये सांगितलं होतं की अब्बा शेवटपर्यंत आपाचंच नाव घेत होते. ते तिच्यापर्यंत पोचलं. माझ्याजवळ एकदाच बोलली. आमच्या व्हरांड्यात मटार सोलत बसलो होतो. म्हणाली, "अब्बा हाक मारून राह्यले होते अन् मी नदीवर होती." मी म्हटलं, त्यांनीच पाठवलं होतं तुला. ती म्हणाली, "हो न. म्हणून तर..." आणि शेंगा सोलत राहिली.

त्या बाटल्यांतल्या हवेवर तिचं पुढचं सगळं काम उभं राहिलं. निबंध छापले गेले, देशोदेशी बोलावणी आली, तिच्या हाताखाली पुढची पिढी तयार झाली. हे सगळं इतरांनी लिहावं, मला त्यातलं फारसं कळत नाही. मला कळलेली एक गोष्ट सांगते. त्यांच्या सांगाड्यावर एक सूचना चिकटवलेली असायची, इंग्रजीत आणि हिंदीत. धोका, हात लावू नका, अमुक ठिकाणी कळवा. नसीमनं ती बदलून मराठी, तेलुगू आणि गोंडीतही लिहून घेतली. तेलुगूचा मजकूर मी करून दिला. सगळ्या भाषांत पहिलं वाक्य तिनं एकच ठेवलं: 'यात माणूस नाही.' वरिष्ठांनी हरकत घेतली, सूचनेची सुरुवात धोक्यानं व्हावी असा नियम आहे. ती कधी कोणाशी भांडत नसे, तेव्हा मात्र भांडली.

मल्लय्याचा हात वाचला, पण ती दोन बोटं पुन्हा वाकली नाहीत. जाळं फेकणं संपलं. राजक्का डोंगा चालवायची, तो जाळी विणायचा आणि दुरुस्त करायचा. नसीम दरवर्षी सिरोंच्याला जायची आणि जुन्या, बाद झालेल्या पॅराशूटच्या दोऱ्या त्याच्यासाठी घेऊन जायची. तो त्या उसवून त्यांची इतकी चिवट जाळी करायचा की वरच्या गावांतून मागणी यायची. दोघं एकमेकांच्या भाषेत धड बोलू शकत नसत. मी सोबत नसले तरी ती जायचीच. काय करता म्हणून विचारलं तर म्हणाली, "काई नाई. तो विणते, मी दोरी धरते."

चार वर्षांपूर्वी तिला धाप लागायला सुरुवात झाली. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं आतून कडक होत चालली आहेत. हा आजार कशामुळं होतो ते नीट कळत नाही आणि त्यावर इलाजही नाही. जिनं जन्मभर आभाळातली हवा बाटल्यांत भरून खाली आणली, तिला खोलीतली हवा पुरेनाशी झाली. हैदराबादच्या फ्लॅटमध्ये ती एकटीच राहत होती. मला फोनवर बरं आहे म्हणायची, पण वाक्याच्या मध्ये थांबायची. मी राशिदला जाऊन सांगितलं. तो मशीनवर होता. ऐकलं, शिवण पूर्ण केली, धागा तोडला. दुसऱ्या दिवशी न कळवता गाडी करून हैदराबादला गेला. दार उघडल्यावर तो फक्त एवढंच बोलला म्हणे, "चल आपा. घर चल." तिनं पर्स घेतली आणि निघाली.

दुकानावरच्या मजल्यावरची खोली तिला दिली. हैदराबादच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की चंद्रपूरची हवा तुम्हाला सोसायची नाही, डोंगराकडे कुठंतरी जा. ती मला म्हणाली, "इथल्या हवेशी माझी जुनी वयख आहे. अनोळखी हवेत काऊन मरू?" पलंगाशेजारी ऑक्सिजनचा सिलेंडर उभा असायचा. तिचे जुने विद्यार्थी भेटायला आले की तोंड लपवून रडायचे आणि ती त्यांना सिलेंडरच्या झडपेची बनावट समजावून सांगायची.

एकदा मी गेले होते तेव्हा राशिद चहा घेऊन वर आला. कप ठेवून तो जिन्याकडे वळला, पुन्हा आत आला आणि पलंगाच्या पायथ्याशी बसला. पांढरी झालेली दाढी, बोटांना मेण. म्हणाला, "आपा, एक बात है. अब्बा तेरा नाम लेते रहे, ऐसा मैं बोला था न सबको..." ती पाहत राहिली. "नाम नई लिया उन्होंने. पूछ रे थे, मिला क्या उसका सामान. बारबार वोइच. मैं बोला, मिल गया अब्बा. मेरे को कुछ मालूम नई था, फिर भी बोल दिया. फिर वो सोए..." त्यानं बोटावरचं मेण नखानं खरवडलं. "मैं गुस्से में था. तेरे कू दुखाना था मेरे को." मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण नसीमनं माझा हात धरून ठेवला होता. ती म्हणाली, "झूठ नई बोला तू. तब तक मिल गया था, राशिद. मल्लय्या ने निकाल लिया था." मग ती रडली. मास्टर गेल्यापासून मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. रडताना तिला श्वास पुरेना, म्हणून राशिदनं सिलेंडरची कळ वाढवली आणि तसाच तिची पाठ चोळत बसला.

त्यानंतर ती आणखी सहाएक महिने होती. थंडी सुरू झाल्यावर पलंग खिडकीला लावून घेतला. खिडकीतून शहराची कौलं, गच्च्या आणि मागं वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. सकाळी शबाना कपडे धुऊन बादली घेऊन वर यायची. लवकर वाळत घातले तर कोळशाची काजळी बसते, म्हणून ती नसीमला विचारायची, "आपा, टाकू का?" नसीम खिडकीतून धुराकडे पाहायची. बाहेर तो पातळ, आडवा पसरलेला असायचा. "थांब अजून." मग ऊन चढायचं, धुराची कड कुठंतरी सैल व्हायची, मला तर काही फरकच दिसायचा नाही, आणि ती म्हणायची, "उठलं झाकण. टाक." शबाना गच्चीवर जायची. घरातले कपडे त्या हिवाळ्यात स्वच्छ वाळले. ती गेली त्या सकाळीही शबाना बादली घेऊनच वर आली होती.

चाळिसाव्याला मी आदल्या संध्याकाळी जाऊन राहिले. दुपारी मल्लय्या आणि राजक्का सिरोंच्याच्या बसनं आले. दोघं आता फार वाकले आहेत. राशिद मल्लय्याला कबरस्तानात घेऊन गेला. राजक्कानं शबानाला जवळ घेतलं आणि दोघी आपापल्या भाषेत रडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नसीमच्या खोलीत गेले. सिलेंडर परत पाठवला होता, चादर बदललेली होती. शबाना खिडकीशी उभी होती, पायाशी ओल्या कपड्यांची बादली. मला पाहून तिनं विचारलं, "ताई, तुमी तर हे शिकवत होते न शाळेत. पाहा बरं, उठलं का?"

मी खिडकीतून पाहिलं. कौलांवर धूर होता. तो आडवा होता की वर निघाला होता, मला काही सांगता येईना. मी म्हटलं, "थांबू थोडं."

आम्ही दोघी पलंगाच्या काठावर बसून राहिलो. बादलीतलं पाणी फरशीवर ओघळत होतं. खाली राशिदनं दुकान उघडून मशीन सुरू केली.